मंदी आणि जमाखर्चाचा विद्यार्थी

(भिवंडी येथे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण. छापण्यापूर्वी वक्त्याने काही ठिकाणी विस्तार केला आहे.)



आजचा विषय मी निवडलेला नाही. तुमच्यापैकीच काही जणांनी तो मला चिठ्ठीवर लिहून दिला. चिठ्ठीतला मजकूर असा : ‘आम्ही जमाखर्च शिकतो आहोत. गावातले माग बंद पडत आहेत. जो मालक कारखानाच भंगारात काढतो तो हिशेबनीस कशाला ठेवील?’ प्रश्न रोखठोक आहे आणि त्याला उत्तरही तसेच दिले पाहिजे. म्हणून प्रथमच सांगून टाकतो की, मी येथे कोणाला खोटा धीर देण्यासाठी उभा राहिलेलो नाही. ज्या घरात एका पगारावर पाच माणसे जेवतात त्या घरातल्या मुलाला ‘मेहनत कर, सर्व ठीक होईल’ असे सांगून वाटेला लावणे ही त्याची थट्टा होय.

भिवंडीवर आलेली मंदी एका दिवसात आलेली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. गिरण्यांचे पट्टे थांबले आणि कापडाचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे वळले. माझे वडील त्या संपातले कामगार. संपानंतर आमचे बिऱ्हाड परळहून येथे आले. अशी बिऱ्हाडे त्या काळी पुष्कळ आली. कामतघर, नारपोली, शांतीनगर या भागांत तेव्हा मागांच्या खडखडाटातच झोप लागत असे, आणि वीज जाऊन आवाज थांबला म्हणजे माणसे जागी होत. पुढे ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. येथील मजुरी रोखीने चुकती होत असे. रोकडच नाहीशी झाल्यावर माग चालवायचा कशावर? त्यातून मालक सावरतो न सावरतो तोच १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. कापडाला पूर्वी राज्याचा विक्रीकर लागत नसे, त्यामुळे दहा-बारा मागांच्या मालकावर दरमहा पत्रके भरण्याचा प्रसंग आयुष्यात प्रथमच आला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि उत्तरेकडचा कामगार नाशिक रस्त्याने पायी चालत गेला. तो परत आला तेव्हा अनेक गाळ्यांतले माग लोखंडाच्या भावाने विकले गेलेले होते. सुताच्या भावाची चढउतार आणि विजेचे बिल यांबद्दल मी बोलत नाही. ते तुम्ही घरी रोजच ऐकता.

गावाबाहेर मात्र दुसरेच चित्र आहे. माणकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळपासून थेट पडघ्यापर्यंत गोदामेच गोदामे उभी राहिली. मुंबईची जकात चुकवावी म्हणून, म्हणजे कायदेशीरपणे टाळावी म्हणून, व्यापाऱ्याने माल वेशीबाहेर उतरविला. जकात २०१७ साली गेली. गोदामे राहिली आणि वाढली. तेव्हा ‘भिवंडीत मंदी आहे’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. मागाला मंदी आहे. मालाची ने-आण थांबलेली नाही.

आता माझे मुख्य म्हणणे ऐका. मंदीत हिशेबाचे काम कमी होत नाही. हिशेबनिसाची जागा कमी होते. या दोन गोष्टी एकच आहेत असे आपण मानतो आणि तेथेच फसतो.

धंदा जोरात असतो तेव्हा मालकाला खातेवहीची फारशी गरज वाटत नाही. कोणाकडे किती येणे आहे हे त्याच्या डोक्यात असते. एकाने पैसे बुडविले तरी दुसरा देतो. मंदी आली म्हणजे डोके पुरत नाही. कोणाची उधारी ३० दिवसांची, कोणाची १२० दिवसांची, कोणता माल गाळ्यात पडून आहे, बँकेला दरमहा द्यावयाच्या मालाच्या व उधारीच्या विवरणात काय लिहावयाचे, कर्जाचा हप्ता आधी द्यावा की सुताचे पैसे आधी द्यावेत, हे सर्व प्रश्न मंदीतच विचारले जातात आणि त्यांची उत्तरे वहीतच असतात. बुडणाऱ्या धंद्याला तर चालत्या धंद्यापेक्षा जास्त हिशेब लागतो. भागीदार वेगळे होतात, माग विकले जातात, कामगारांची देणी ठरतात, बँक दारात येते. यांतले एकही काम हिशेबावाचून होत नाही.

जगाचा अनुभवही हाच आहे. १९२९ साली अमेरिकेतील शेअरबाजार कोसळला. त्यानंतरच्या महामंदीत, १९३३ व १९३४ साली, तेथील सरकारने असे कायदे केले की, लोकांकडून भांडवल उभारणाऱ्या कंपन्यांना स्वतंत्र हिशेब तपासनिसाकडून हिशेब तपासून घेणे भाग पडले. लाखो माणसे बेकार असताना हिशेब तपासणाऱ्याचे काम कायद्याने वाढले. आपल्याकडे इतके नाट्यमय काही घडले नाही, तरी दिशा तीच आहे. बँकांची कर्जे बुडाली आणि २०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असे हिशेबयंत्र वापरावे लागते की, एकदा केलेली नोंद कोणी केव्हा बदलली याचा माग पुसता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्यास द्यावयाचे बिल सरकारी यंत्रणेत नोंदवून घ्यावे लागते. फसवणूक झाली की कायदा येतो. कायदा आला की हिशेब वाढतो.

आपल्या गावातलेच उदाहरण घ्या. वस्तू व सेवा कर आला तेव्हा कृत्रिम धाग्याच्या सुतावर १८ टक्के कर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो १२ टक्के झाला. त्या सुतापासून विणलेल्या कापडावर मात्र ५ टक्के. म्हणजे मागवाल्याने कर भरला जास्त आणि वसूल केला कमी. राहिलेली रक्कम सरकारकडे साचत गेली. कापडाच्या बाबतीत ती परत मिळत नव्हती. १ ऑगस्ट २०१८ पासून परतावा मिळू लागला, परंतु त्यापूर्वी साचलेली रक्कम बुडाली असे सरकारने ठरविले. २०१९ साली गुजरात उच्च न्यायालयाने ती अट बेकायदा ठरविली. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून सुताचा करही ५ टक्क्यांवर आला. आता विचार करा : या आठ वर्षांत ज्या मालकाची खरेदीची बिले महिन्यामहिन्याने लावलेली होती त्याने पैसे मागितले, ज्याच्याकडे बिलांचे नुसते गाठोडे होते त्याने मागितलेच नाहीत. एका वहीने माग वाचविला असे मी म्हणणार नाही, पण काहींचे भांडवल तिने परत आणले हे खरे.

दुसरे उदाहरण ४५ दिवसांचे. लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असा नियम २००६ सालच्या कायद्यात आहेच; पण तो कागदावर राहिला. प्राप्तिकराच्या कायद्यात अशी दुरुस्ती झाली की, मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळू नये. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळावा. ही दुरुस्ती लागू झाली आणि मार्च २०२४ मध्ये कापडबाजारात एकच धावपळ उडाली. मात्र हा लाभ माल बनविणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. हा भेद ज्या हिशेबनिसाला ठाऊक होता त्याला त्या महिन्यात मालकाने दोनदा चहा पाजला असेल. ज्याला ठाऊक नव्हता तो ‘सर, संगणकात असे येत नाही’ म्हणून उभा राहिला.

मग काम वाढत असता जागा का घटतात? याची दोन कारणे आहेत. पहिले तुम्हांला माहीत आहे. बिल पाहून आकडे भरण्याचे काम आता यंत्र करते. बँकेचे पान थेट उतरून घेता येते, पुरवठादाराने भरलेले पत्रक तुमच्या खात्यात आपोआप दिसते. ज्या वर्गात तीन महिन्यांत टॅली शिकवून ‘नोकरीची हमी’ देतात तो वर्ग तुम्हांला बोटे चालविणे शिकवितो. बोटे चालविणाऱ्याची जागा जात आहे आणि ती परत येणार नाही. मी टॅलीच्या विरुद्ध नाही. पूर्वी आम्ही कीर्द-खतावणी हाताने लिहीत होतो आणि तेरीज जुळेना म्हणून रात्रभर जागत होतो, त्यात काही थोर नव्हते. परंतु तेरीज का जुळत नाही हे शोधता शोधता आम्ही धंदा शिकलो. ती शिकवण यंत्राबरोबर निघून गेली. ती तुम्हांला वेगळी मिळवावी लागेल.

दुसऱ्या कारणाबद्दल सभेत सहसा कोणी बोलत नाही. मंदीत मालक आकसतो. चार कारकुनांतले तीन काढतो आणि एक ठेवतो. तो कोणाला ठेवतो? हुशार असेल त्याला ठेवतो असे पुस्तकात लिहिलेले असते. व्यवहारात तो ‘विश्वासाचा माणूस’ ठेवतो, आणि विश्वास म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा नाते, गाव आणि जात. मागावर कोण उभा आहे हे मालक पाहत नाही. हमाली कोण करतो हे तर मुळीच नाही. पण जेथे रोकड आणि वही आहेत त्या खोलीच्या दारात त्याची नजर तीक्ष्ण होते.

याला इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातून सुताचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, असे सांगितले जाई. ते खाते चांगल्या मजुरीचे होते, ही गोष्ट कोणी सांगत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उघड मांडला आणि त्या खात्याचे दार उघडण्याची मागणी केली. आज भिवंडीत मागावर कोण आहे याला महत्त्व उरलेले नाही, कारण मागावर आता चांगली मजुरीही उरलेली नाही. दार जेथे होते तेथून सरकले. ते हिशेबाच्या खोलीला लागले.

आणि ही खोली बाबासाहेबांनी स्वतः पाहिलेली आहे. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते १९१७ साली परतले. बडोद्याच्या नोकरीत त्यांना राहावयास जागा मिळेना म्हणून ती सोडून मुंबईस यावे लागले. त्यानंतरच्या दिवसांत त्यांनी शिकवण्या केल्या, हिशेबनिसाचे काम केले आणि शेअरांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय उघडला. सल्ला चांगला होता; सल्लागाराची जात कळली तेव्हा गिऱ्हाइके येईनाशी झाली. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तर तेथे पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी हरकत घेतली. रुपयाच्या प्रश्नावर ज्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला त्यांची ही कथा. मला यात विशेष वाटते ते असे की, पुढे १९५३ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले. वही ज्याच्या हातात असते त्याला धंद्याचे गुपित कळते, हे ज्यांनी सोसून पाहिले त्यांनी आपल्या मुलांसाठी वाणिज्याची शाळा उघडली.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. नाव कोणाचे घेत नाही, कारण मालक आज हयात नाहीत आणि माणूस एरवी वाईट नव्हता. १९८० नंतरची गोष्ट आहे. एका पेढीवर मी रोजमेळ लिहीत होतो. तीन वर्षांत एका पैशाचा फरक निघाला नव्हता. तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे असे, आणि मेहताजी रजेवर असले म्हणजे कामगारांचा पगार मीच वाटे. एकदा मला ताप आला. मालक चौकशीला घरी आले. आईने त्यांना खाटेवर बसविले, चहा दिला. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. ते तिच्याकडे पाहत राहिले, चहा तसाच ठेवला आणि ‘आराम कर’ म्हणून गेले. मी कामावर हजर झालो त्या दिवशी माझ्या टेबलावर दुसरा मुलगा बसला होता. मला सांगण्यात आले, ‘तू यापुढे नुसती बिले लिही, रोकड हा पाहील.’ कोणी वाईट शब्द बोलले नाही. पगारही कापला नाही. फक्त किल्ली मागून घेतली. मी ती काढून दिली आणि पोचपावती मागितली. ‘किल्लीची कसली पावती?’ असे ते हसून म्हणाले. पण मी उभाच राहिलो, तेव्हा त्यांनी लिहून दिली. ती पावती अजून माझ्यापाशी आहे.

त्या पावतीपासून मी एक शिकलो. मालकाच्या मनातला विश्वास आपल्या हातात नाही; कागद आपल्या हातात आहे. म्हणून पुढे जे सांगतो ते कागदाविषयीच आहे.

नोकरी धरताना नियुक्तिपत्र मागा. ‘इथे कोणालाच देत नाहीत’ हे उत्तर मिळेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अंमलात आल्या आहेत आणि त्यांत कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. गोदामांत तुमची नेमणूक बहुधा ठेकेदारामार्फत होईल. तेथे तर पत्र अधिकच हवे, नाहीतर तुम्ही कोणाचे नोकर हेच उद्या ठरणार नाही. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर तो भरला जातो की नाही हे तुमच्या मोबाइलवर दिसते. दुसऱ्याचा जमाखर्च लिहिणाऱ्याने स्वतःचा तपासू नये, हे मला अनेकदा पाहावयास मिळाले आहे आणि मला त्याचा राग येतो.

याहून गंभीर गोष्ट दुसरी आहे. बेकार मुलगा पाहून काही लोक म्हणतात, ‘तुला नोकरी देतो; आधार आणि पॅन दे, दोन सह्या कर.’ महिन्याला थोडे पैसेही हातावर ठेवतात. प्रत्यक्षात त्या मुलाच्या नावाने एक पेढी नोंदली जाते आणि त्या पेढीवरून मालाशिवाय बिले फाडली जातात. कराचा लाभ दुसऱ्याने घेतला, पण पेढीचा मालक म्हणून नाव असते ते ज्याच्या घरात भाड्याचे पैसे नाहीत त्याचे. नोटीस येते ती चाळीत. खोट्या बिलांवरील कर पाच कोटींच्या वर गेला तर तो अजामीनपात्र गुन्हा आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. तुमच्यातला जो जमाखर्च शिकला त्याने ‘मला कळले नाही’ असे न्यायालयात सांगितले तर कोण ऐकणार? आपल्या वस्तीतल्या अशिक्षित माणसाला हे समजावून सांगणे हेही तुमचे काम आहे. बाहेरून येणारा आमिष दाखवील. तुम्ही त्याला नोंदणीचा अर्थ सांगा.

सरकारी नोकरीबद्दल विचारलेत. जागा थोड्या आहेत आणि परीक्षा लांबतात, हे खरे आहे. तरीही जमाखर्चाच्या विद्यार्थ्याला ज्या जागा नेमक्या लागू पडतात त्यांच्याकडे आपण पाहत नाही. राज्याच्या लेखा व कोषागारे विभागात, स्थानिक निधी लेखापरीक्षेत, केंद्राच्या महालेखापालांच्या कार्यालयांत, प्राप्तिकर खात्यात हिशेब जाणणारी माणसे घेतात. तेथे ‘विश्वासाचा माणूस’ शोधीत नाहीत. गुणांची यादी लावतात. पण त्या यादीत हक्काने उभे राहावयाचे तर कागद वेळेवर पाहिजेत. धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलती बौद्धांना नाकारल्या जात होत्या. १९९० साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती केली तेव्हा तो हक्क परत मिळाला. चौतीस वर्षे आपले लोक त्यासाठी झगडले. आणि आज आपला मुलगा मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात जात प्रमाणपत्रासाठी धावतो! राज्याच्या आणि केंद्राच्या कामासाठी लागणारा नमुना एकच नसतो, हे त्याला खिडकीवर गेल्यावर कळते. वैधता प्रमाणपत्राला लागणारा वेळ धरून पदवीच्या पहिल्या वर्षातच अर्ज करा. ही तक्रार मी सरकारविषयी करीत नाही, तुमच्याविषयी करतो.

सनदी लेखापाल होण्याबद्दल आपल्या घरांत एक भीती आहे की, तो अभ्यास मोठ्या लोकांचा. तसे नाही. वाणिज्याच्या पदवीला ५५ टक्के गुण असतील तर पहिली प्रवेश परीक्षा न देता मधल्या पायरीवर नाव घालता येते. अडचण परीक्षेची नाही. ती उमेदवारीची आहे. एखाद्या सनदी लेखापालाच्या कार्यालयात पूर्वी तीन वर्षे, आणि २०२३ च्या नव्या योजनेप्रमाणे दोन वर्षे, थोड्या विद्यावेतनावर काम करावे लागते, आणि तेथे शिरकाव पुन्हा ओळखीने होतो. या शहरात आणि ठाणे-कल्याणात आपले जे थोडे सनदी लेखापाल आज आहेत त्यांना मी या सभेतून जाहीर विनंती करतो की, त्यांनी आपल्या कार्यालयात दरवर्षी निदान एक जागा अशा मुलासाठी ठेवावी, ज्याच्या बापाला कोणी ओळखत नाही. उपकार म्हणून नव्हे. त्याच्याकडून रात्री आठपर्यंत काम घ्यावे, चुकला तर बोलावे, पण खोलीत घ्यावे.

आणि ज्यांना यांपैकी काहीच तूर्त जमणार नाही त्यांनी काय करावे? त्यांनी आपल्याच गल्लीतून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. मजुरीवर कापड विणून देणारा चार मागांचा धनी आहे. त्याची वर्षाची मजुरी २० लाखांच्या आत असेल तर त्याला सामान्यतः नोंदणी लागत नाही. स्वतः सूत घेऊन कापड विकू लागला तर हिशेब वेगळा. हे त्याला सांगणारे कोणी नाही. टेम्पो चालविणारा आहे, खानावळ चालविणारी बाई आहे, बचतगट आहेत, पतसंस्था आहेत. यांना पूर्ण पगाराचा हिशेबनीस परवडत नाही. महिन्यातून चार दिवस येणारा परवडतो. असे आठ-दहा धनी जोडले तर एका मालकाच्या मर्जीवर पोट राहत नाही, आणि मंदीत एक बंद पडला तरी बाकीचे राहतात. महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचे पत्रक आणि २० तारखेला कराचे पत्रक मासिक भरणाऱ्याचे पडते. या दोन तारखा पाळणारा माणूस गल्लीत प्रसिद्ध व्हावयास वेळ लागत नाही. मात्र पैसे आधी ठरवा आणि लिहून घ्या. आपल्या माणसाचे काम फुकट करण्याची आपल्याला सवय आहे, आणि फुकट काम घेणारा तुमची वही अर्ध्यावर टाकून देतो.

मागच्या रांगेतून एका भगिनीने आताच चिठ्ठी पाठविली आहे. ती विचारते की, मुलींना पेढीवर घेतात ते कमी पगार द्यावा लागतो म्हणून. मग आम्ही शिकून काय मिळविले? ताई, तुझे म्हणणे बरोबर आहे. कमी पगारासाठीच घेतात. १९७६ चा समान वेतनाचा कायदा तुझ्या बाजूला होता आणि त्याची जागा घेणारी वेतन संहिताही तुझ्या बाजूला आहे, पण कायदा स्वतः चालत पेढीवर येत नाही. मी इतकेच सांगतो की, ज्या पेढीवर तू आहेस तेथे शेजारच्या मुलाला काय मिळते ते विचारून घे, आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत टिपून ठेव. पुढे काय करावयाचे ते आपण मिळून ठरवू. एकटी भांडू नकोस.

वेळ झाला आहे. बाहेर पाऊसही आहे आणि कल्याण नाक्यावर गाड्या खोळंबल्या असतील. नियुक्तिपत्राचा मराठी मसुदा मी लिहून आणला आहे, तो ज्यांना हवा त्यांनी जाताना घ्यावा. ज्यांच्या घरी आईच्या बचतगटाची वही आहे त्यांनी ती पुढच्या रविवारी दुपारी तीन वाजता घेऊन यावी. संगणक आणू नका. पेन्सिल आणि खोडरबर आणा. तेरीज आपण येथेच बसून लावू.